काडतूस घरी भरता येत नाही, पण छर्रे तर निवडता येतात: एअर पिस्तुलाचे पेलेट तपासायची माझी पद्धत

युट्यूबवर अमेरिकेतले काका लोक गॅरेजमध्ये बसून शिसं वितळवतात, गोळ्या ओततात, काडतुसांची रिकामी कवचं पुन्हा भरतात आणि एकेक गोळी काट्यावर ठेवून वहीत वजन लिहितात, हे बघून बघून मलाही खाज सुटली होती. दोन वर्षं रात्री जेवण झालं की हेच बघायचो, बायको म्हणायची सुनाराच्या घरी जन्माला यायला पाहिजे होतं तू. पण आपल्याकडे हा छंद होणे नाही, ते आधीच सांगून टाकतो. आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे पिस्तूल ठेवायचं लायसन्स वेगळं आणि काडतूस बनवायचं वेगळं, आणि बनवायचं लायसन्स हौसेखातर मिळत नसतं. तुमच्याकडे लायसन्सचं हत्यार असलं तरी घरी बसून काडतूस भरणं हा गुन्हाच आहे, आणि साधासुधा नाही. तेव्हा त्या वाटेला जायचंच नाही.

पण खरं सांगू का, त्या काकांना जी मजा येते ती दारूगोळ्याची नसते, एकसारखेपणाची असते. शंभर गोळ्या शंभर वेळा सारख्याच वागल्या पाहिजेत हा तो हट्ट. आणि तो हट्ट १० मीटर एअर पिस्तुलात पुरेपूर भागवता येतो, तेही कायद्यात राहून. आर्म्स रूल्स २०१६ मध्ये ४.५ मिमी बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० जूलच्या आतल्या एअर गनला लायसन्स लागत नाही, दुकानदार आयडी आणि पत्त्याचा पुरावा घेतो तो द्यायचा. मॅचच्या, म्हणजे स्पर्धेच्या पिस्तुलाची ताकद साधारण ५-६ जूल असते म्हणजे लांब लांबपर्यंत प्रश्न नाही. आम्ही इंदूरवाले तर तसे नशीबवान, महू शेजारीच, तिथे आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे जिथून विजय कुमार तयार झाला, लंडन २०१२ ऑलिंपिकचं रॅपिड फायर पिस्तुलाचं सिल्व्हर आणणारा. लोकांना इंदूर म्हटलं की फक्त पोहे-जलेबी आठवते, असो.

"मग छर्रे तरी घरी ओततो" असं कुणाच्या डोक्यात येत असेल तर तेही काढून टाका. मॅचचे पेलेट ओतलेले नसतातच, शिशाच्या तारेचे तुकडे थंडच डायमध्ये दाबून बनवतात, त्यामुळे जो नेमकेपणा येतो तो घरच्या कढईत जन्मात येणार नाही. वर शिसं ३२७ डिग्रीला वितळतं आणि त्याचा धूर-धूळ घरात, लेकरांच्या श्वासात. नको रे बाबा.

आता कामाचं. आधी पेलेट म्हणजे काय ते नीट बघून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एक हातात घ्या. पुढे सपाट डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर ज्याला सगळे स्कर्टच म्हणतात. डोकं सपाट का, तर कागदात गोल स्वच्छ भोक पडावं म्हणून, टोकदार छर्रा कागद फाडतो आणि मग टार्गेटच्या रिंगेची रेघ लागली की नाही यावर भांडणं. डोकं नळीच्या आतल्या पिळदार आट्यांवर टेकून सरळ चालतं आणि मागचा पातळ स्कर्ट हवेच्या दाबाने फुगून नळीला घट्ट बसतो, हवा गळू देत नाही. म्हणजे स्कर्टला एका बाजूने चेप असेल तर एका बाजूने हवा निसटते आणि छर्रा निघतानाच लंगडतो. हे एक वाक्य लक्षात ठेवा, पुढे वजनाच्या भानगडीत पडाल तेव्हा उपयोगी पडेल.

खरेदी. पिस्तुलासाठी ०.४५ ते ०.५० ग्रॅमचे सपाट डोक्याचे घ्या, ०.५३ चे रायफलचे असतात, ते पिस्तुलात चालतात, काहींना आवडतातही, पण सुरुवात हलक्यापासून करा. आरडब्ल्यूएस कंपनीचे आर१० किंवा माइस्टरकुगेल्न, एच अँड एनचे फिनाले मॅच ही नावं नेमबाजीच्या रेंजवर कानावर पडतीलच. सरावासाठी आरडब्ल्यूएसचे हॉबी स्वस्तात मिळतात, आणि हॉबी हे नाव असलं तरी वाईट अजिबात नाहीत. डबीत बहुतेक ५०० असतात. माझी चूक ऐका: मी पहिल्याच दिवशी एका दुकानदाराच्या बोलण्यात येऊन एकाच जातीच्या सहा डब्या उचलल्या, म्हणे सगळे चॅम्पियन हेच वापरतात, आणि माझ्या नळीला तेच नेमके आवडले नाहीत. सहा डब्या, ३००० छर्रे, अजून संपतायत. तर तीन-चार वेगवेगळ्या जातींची एकेक डबी घ्या, जास्त नाही. डबीवर वजनाशिवाय ४.४९, ४.५०, ४.५१ असा डोक्याचा आकारही लिहिलेला असतो, जमलं तर एकाच जातीच्या दोन आकारांच्या घ्या. लॉट नंबर असेल तर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, हे नंतर लागणार आहे.

डबी उघडायची ती ताटात नाही. माझ्या आईने एकदा माझे छर्रे स्टीलच्या ताटलीत बघितले आणि जो काय गोंधळ झाला, आणि बरोबरच होती ती. शिशाला सुरक्षित असं प्रमाण नाहीच असं डब्ल्यूएचओ सांगतं, लहान मुलांच्या बाबतीत तर फारच जपायचं. म्हणून एक प्लास्टिकचा ट्रे फक्त यासाठी, त्यात जुना मऊ कपडा अंथरायचा. खाणं-चहा-सिगारेट काहीही शेजारी नाही, छर्रे तोंडात धरायचे नाहीत (रेंजवर अजून लोक धरतात, बघून अंगावर काटा येतो), आणि झालं की साबणाने हात, तेही गार पाण्याने आधी.

पहिली चाळणी डोळ्यांची. छर्रे कपड्यावर हळूच पसरवा, ओतू नका, धाडकन ओतलं की तुम्हीच स्कर्ट चेपवाल. चांगला दिवा तिरका लावा आणि एकेक उलटा करून स्कर्टची कड बघा, गोल आहे की बटाट्यासारखी. चेपलेले, शिशाचा तुकडा लटकत असलेले, डोक्यावर ओरखडा असलेले बाजूला. ते फेकायचे नाहीत, एका वेगळ्या डबीत "कचरा" लिहून ठेवा, पिस्तूल हातात धरायच्या सरावाला कामाला येतात. चांगल्या डबीत कचरा अगदी थोडा निघतो, आणि जास्त निघाला तर बहुतेक दोष कारखान्याचा नसून कुरियरवाल्याच्या फेकाफेकीचा असतो, डबीचं झाकण चेपलेलं असेल तर समजून जा.

दुसरी चाळणी काचेची, ही मला सगळ्यात आवडते आणि फुकट आहे. एक सपाट काच घ्या, फोटोफ्रेमची चालते, एका बाजूखाली दोन-तीन नाण्यांची थप्पी ठेवून थोडा उतार करा, खाली कागदावर रेघा मारा. छर्रा वरून आडवा सोडायचा, ढकलायचा नाही, फक्त सोडायचा. डोकं आणि स्कर्ट यांचा घेर सारखा नसतो म्हणून तो सरळ न जाता वळत खाली येतो, जसा चहाचा निमुळता पेला टेबलावर लोळतो तसा. सारखे छर्रे सारख्याच वळणाने येऊन सारख्याच रेघेवर थांबतात. जो वेगळ्या रेघेवर गेला, किंवा हेलकावे खात गेला, त्याचा आकार वेगळा आहे. एका संध्याकाळी दोनशे सहज होतात, क्रिकेट चालू असेल तर तीनशे. हवेत पंखा नको एवढंच, मे महिन्यात हे काम पहाटे करा.

आता वजन, ज्याची सगळ्यांना घाई असते. इंदूरमध्ये काट्याची चिंता नाही, सराफा आहे ना. रात्री खाऊगल्ली होते तो सराफा नाही, दिवसाचा, सोन्या-चांदीचा. तिथल्या आसपास सुनारांचे काटे विकणारे आहेत, त्यांना सांगायचं मिलीपर्यंत दाखवणारा काटा द्या, म्हणजे ०.००१ ग्रॅमवाला. ०.०१ वाला घेऊ नका, पैसे वाया, कारण अख्खा छर्राच अर्ध्या ग्रॅमच्या आत. ज्या काकांकडून मी घेतला ते म्हणाले काय तोलणार, मी म्हटलं शिसं, ते माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी त्यांच्या गणपतीसमोर चप्पल घालून आलोय. काटा घेताना सोबतचं कॅलिब्रेशनचं वजन मागून घ्या. वापरताना काटा चालू करून दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या, पंखा-कूलर बंद, झाकण लावून वाचा, दर वीस-तीस छर्ऱ्यांनंतर शून्य बघा कारण तो सरकतो. परदेशी माहितीत ग्रेन दिसेल, एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलीग्रॅम, म्हणून ७ ग्रेनचा छर्रा ०.४५ ग्रॅमचा.

काड्यापेटीच्या रिकाम्या डब्या घ्या आणि पाच-पाच मिलीच्या गटांत टाकत जा. मधला गट सगळ्यात मोठा होतो, टोकाचे थोडे. टोकाचे बाजूला काढले की झालं.

आता ते करून झालं की एक हिशोब कागदावर करा, मी केला तेव्हा माझा थोडा मूडच गेला होता. छर्रा साधारण १५० मीटर सेकंदाने निघतो, १० मीटरला ०.०६७ सेकंद लागले, तेवढ्यात तो २ सेंटिमीटरहून जरा जास्त खाली पडतो. समजा एक छर्रा ०.४५ चा आणि दुसरा ०.४६ चा, म्हणजे १० मिलीचा फरक, चांगल्या डबीच्या मानाने हा बराच मोठा फरक झाला. ताकद तीच धरली तर वेग एक टक्का कमी होतो आणि पडणं दोन टक्के वाढतं. २ सेंटिमीटरचे दोन टक्के म्हणजे जेमतेम अर्धा मिलीमीटर. आणि टार्गेटवर एका रिंगेपासून दुसरी ८ मिलीमीटरवर असते! म्हणजे रात्र जागवून केलेल्या तोलण्याचा फायदा अर्धा मिमी, आणि तोही सगळ्यात वाईट छर्ऱ्याचा. ५० मीटरला हिशोब बदलतो, पण आपलं टार्गेट १० लाच आहे. मी तरीही तोलतो, कारण मला आवडतं, रविवारी दुपारी मन शांत होतं. पण ज्याला वेळ नाही त्याने वजन सोडून द्यावं आणि स्कर्ट बघावा. कुणी रेंजवर म्हटलं की वजन न करता मॅच खेळतोस, तर हा हिशोब त्याला दाखवा भिया.

खरी परीक्षा नळीची. कोणता छर्रा चांगला हे डबी सांगत नाही, काटा सांगत नाही, तुमची नळीच सांगते, आणि शेजारच्याचं तेच मॉडेल असलं तरी त्याची नळी वेगळं सांगते. यासाठी १० मीटर लागतात, म्हणजे ३३ फूट. आमच्या लोकमान्य नगरच्या घरात हॉलच्या दारापासून मागच्या खोलीच्या भिंतीपर्यंत जेमतेम बसतात, मधलं दार बंद, कुणी येणार नाही ही व्यवस्था आधी. गच्चीवर नको, कधीच नको, एक छर्रा कठड्यावरून गेला की शेजाऱ्याच्या डोळ्याचा प्रश्न. मागे छर्रे धरायला ट्रॅप हवा, सियागंजमधून ३ मिमीचा लोखंडी पत्रा आणून फॅब्रिकेशनवाल्याकडून पेटी करून घेतली, पत्रा आत ४५ डिग्रीला तिरका, म्हणजे छर्रा आपटून खाली पेटीत जातो, परत तुमच्याकडे येत नाही. पेटीच्या मागे आणि बाजूंना जाड रबरी मॅट. आणि चष्मा, घालायचाच, घरात घरचेच आहेत म्हणून सूट नाही. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांनी क्लबच्या रेंजवर एक दुपार मागून घ्यावी, कोच सर लोक अशा कामाला नाही म्हणत नाहीत, उलट स्वतःच येऊन बघत बसतात.

परीक्षेत तुमचा हात मध्ये यायला नको. एका हाताने उभं राहून पेलेटची टेस्ट करणं म्हणजे हलत्या टांग्यात बसून सोनं तोलणं. लोकांकडे नळी पकडायचे क्लॅम्प असतात, नसला तर जुन्या जीन्सचा पाय शिवून त्यात तांदूळ भरा, टेबलावर ठेवा, दोन्ही हातांनी पिस्तूल त्यावर टेकवा. हवेच्या किंवा गॅसच्या सिलेंडरवर वजन येऊ देऊ नका. स्प्रिंगच्या पिस्तुलाला धक्का असतो म्हणून ते टेकवल्यावर वेगळंच वागतं, त्यात हात मऊ ठेवा आणि अपेक्षाही मऊ ठेवा. सीओटू गॅसवर चालणाऱ्या पिस्तूलवाल्यांनी थंडीत सकाळी सात वाजता टेस्ट करू नये, सीओटूचा दाब २० डिग्रीला ५७ बारच्या आसपास असतो आणि ३० ला ७२ च्या आसपास, म्हणजे आपल्याकडची जानेवारीची सकाळ आणि दुपार ही दोन वेगवेगळी पिस्तुलं झाली. सगळ्या जाती एकाच बैठकीत, एकाच तापमानात. पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारं पिस्तूल असेल तर सिलेंडर अर्ध्याच्या वर भरलेला.

क्रम असा. जात बदलली की आधी आठ-दहा छर्रे असेच सोडा, नळीत आधीच्या शिशाचा थर असतो तो नव्याशी जुळायला वेळ घेतो. मग १० छर्ऱ्यांचा एक ग्रुप, म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेले दहा, कोऱ्या कार्डवर. कार्ड जाडच वापरा, झेरॉक्सचा कागद फाटतो आणि मोजता येत नाही. मग दुसरी जात, मग तिसरी, आणि परत उलट्या क्रमाने तिसरी, दुसरी, पहिली. उलट का, तर तुम्ही थकत जाता आणि नळी मळत जाते, त्याचा तोटा एकाच जातीला होऊ नये. मग आणखी एक फेरी, म्हणजे प्रत्येकाचे कमीत कमी तीन ग्रुप. छर्रा घालताना दरवेळी तोच अंगठा, तसाच दाब, डोकं पुढे, तिरका गेला तर काढून टाका आणि दुसरा घ्या.

मोजायचं असं की भोकांच्या सगळ्यात लांबच्या दोन बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या, व्हर्नियर असेल तर छानच, आणि त्यातून ४.५ वजा करा, म्हणजे मध्यापासून मध्याचं अंतर आलं. तिन्ही ग्रुपची सरासरी काढा. एकच झकास ग्रुप बघून नाचू नका, तो लॉटरीचाही असतो, मी अशाच एका ग्रुपच्या नादात महिनाभर चुकीची जात वापरलीय. भोक एकच असलं आणि त्याला थोडी कड वाढलेली दिसली तर तो छर्रा आणि ती नळी यांचं लग्न लावून टाका.

किती चांगलं म्हणजे पुरे? दहाची रिंग ११.५ मिमीची, आणि रेघेला नुसती कड लागली तरी दहा मिळतात, म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत पडला की दहा. टेकवून मारलेला ग्रुप मध्यापासून मध्य ४-५ मिमी आला तर छर्ऱ्याकडून तुम्हाला काही तक्रार करायला जागाच उरत नाही. नवशिक्याचा हात उभं राहून आठच्या रिंगेत फिरतो, ती ४३.५ मिमीची आहे. आता बघा, हात ४३ मध्ये आणि छर्रा ५ मध्ये. माझं स्पष्ट मत, तुमचा हात नऊच्या रिंगेत म्हणजे २७.५ मिमीत यायला लागेपर्यंत महागडे मॅच पेलेट रोज जाळू नका. हॉबीवर सराव करा, निवडलेले मॅचसाठी. आणि सात पडला की डबी बघायची नाही, ट्रिगर बघायचा.

जात ठरली की त्याच लॉट नंबरच्या डब्या मागा, दुकानदाराला फोटो पाठवा. एकाच नावाचा दुसरा लॉट वेगळा निघू शकतो म्हणून नवा लॉट आला की एक छोटी परीक्षा पुन्हा, तीनच ग्रुप, तासाभराचं काम. किती घ्यायच्या? महिन्यात किती उडवता त्यावर, मी सहा महिन्यांच्या वर ठेवत नाही कारण आपल्याकडचा पावसाळा. शिसं दमट हवेत पांढरट पडतं, त्यावर भुकटीसारखा थर येतो, तो नळीलाही वाईट आणि हातालाही. डब्या हवाबंद डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यातली सिलिकाची पुडी. काही लोक छर्रे धुऊन तेल लावतात. मी दोन्ही करून बघितलं, धुताना जेवढे स्कर्ट चेपले तेवढा फायदा दिसला नाही, सोडून दिलं. पीसीपीमध्ये तर भलतंसलतं तेल घालूच नका, सील खराब होतात.

नळी साफ करायला फेल्टच्या गोळ्या मिळतात, ५००-१००० छर्ऱ्यांनंतर दोन-तीन पुरे. पितळी ब्रश घालू नका. स्प्रिंगच्या पिस्तुलात फेल्ट मारून उडवायचं नाही, तिच्यापुढे वजन नसलं की पिस्टन आपटतो, काडीने ढकला. साफ केल्यावर पहिले काही छर्रे इकडेतिकडे जातील, घाबरू नका आणि मॅचच्या आदल्या रात्री साफसफाई काढू नका, हे मी करून बसलोय.

ट्रॅप आठवड्यातून एकदा रिकामा करा, मास्क लावून, झाडूने नाही तर ओल्या फडक्याने, झाडूने शिशाची धूळ उडते. ते फडकं पुन्हा स्वयंपाकघरात येता कामा नये, म्हणून मी त्याचा एक कोपरा लाल रंगवून ठेवलाय. जमलेलं शिसं झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत, बाहेर मोठ्ठं "शिसं" लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या वर. बरणी भरली की शिशाच्या बॅटऱ्या अधिकृतपणे परत घेणाऱ्याला विचारून त्याच्याकडे द्या, गल्लीतल्या भंगारवाल्याला नको, तो कुठल्या तरी उघड्या भट्टीत वितळवणार आणि त्याच्या घरातही लेकरं असतात.

वहीचं राहिलं. तारीख, तापमान, जात, लॉट, डोक्याचा आकार, तिन्ही ग्रुप, आणि शेवटी एक रकाना "त्या दिवशी झोप किती झाली होती".